ओपन बॅफल स्पीकर

ओपन बॅफल स्पीकर हा पेटी नसलेला ध्वनिवर्धक होय. यात ध्वनी निर्माण करणारा घटक, म्हणजे ड्रायव्हर, बंद पेटीत न बसवता एका फळीवर बसवला जातो व त्याची मागची बाजू खोलीकडे मोकळी ठेवली जाते. या फळीला बॅफल असे म्हणतात. बंद पेटीचा घुमारा यात नसल्यामुळे गायन व तंतुवाद्ये अधिक मोकळी ऐकू येतात, असे या रचनेचे चाहते मानतात. मात्र खर्जाचा आवाज क्षीण होणे हा तिचा उपजत गुणधर्म आहे. त्यामुळे अशा स्पीकरची घरातील जुळवणी म्हणजे प्रामुख्याने हा खर्ज कोणत्या मार्गाने व कितपत भरून काढावा, याचा विचार असतो.

इतिहास

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली फिरत्या वेटोळ्यावर चालणाऱ्या, कर्णा नसलेल्या स्पीकरचे वर्णन प्रसिद्ध केले. आजचे बहुतेक ड्रायव्हर त्याच तत्त्वावर चालतात. शंकूच्या पुढचा व मागचा आवाज एकमेकांपासून अलग ठेवण्यासाठी फळीची गरज असते, हे तेव्हापासूनच ज्ञात होते. जुन्या रेडिओ संचांची पाठ बहुधा मोकळी असे. त्या अर्थाने तेही ओपन बॅफलच होते. १९५४ साली एडगर व्हिलचर यांनी हवाबंद पेटीचा लहान स्पीकर बाजारात आणला आणि पुढे घरोघरी पेटीबंद स्पीकरच रूढ झाले. दोन्ही बाजूंना ध्वनी सोडणारी रचना मात्र लोप पावली नाही. १९५७ साली आलेला पीटर वॉकर यांचा क्वाड कंपनीचा स्थिरविद्युत स्पीकर याच प्रकारचा होता. अलीकडच्या काळात ह्युलेट-पॅकार्डमधील अभियंते सिगफ्रीड लिंकविट्झ (१९३५–२०१८) यांनी ओरायन व एलएक्स५२१ या रचनांद्वारे ओपन बॅफलचा शास्त्रशुद्ध पाया घातला.

कार्यतत्त्व

ड्रायव्हरचा शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजेच पुढची व मागची ध्वनिलहर परस्परांच्या नेमकी उलट असते. मागची लहर फळीच्या कडेला वळसा घालून पुढे येते व पुढच्या लहरीत मिसळते. खर्जाच्या स्वरांची तरंगलांबी कित्येक मीटर असते. त्या मानाने फळीचा वळसा अगदी लहान पडतो. त्यामुळे दोन्ही लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी नाहीशा करतात.

अशा स्रोताला द्विध्रुव म्हणतात. त्याचा ध्वनी इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पसरतो, म्हणजे पुढे व मागे सर्वाधिक आणि दोन्ही बगलांना जवळजवळ शून्य. समोर बसलेल्या श्रोत्याला तेवढाच मोठा आवाज ऐकवताना, सर्व दिशांना सारखा ध्वनी सोडणाऱ्या स्रोताच्या तुलनेत द्विध्रुव खोलीत फक्त एक तृतीयांश ध्वनिऊर्जा सोडतो. खोलीचा प्रतिध्वनी त्यामुळे कमी जाणवतो.

फळीचा आकार व खर्ज

५० सेंटिमीटर व्यासाची गोल फळी व तिच्या मध्यभागी ड्रायव्हर, असे सोपे उदाहरण घेता येईल. मागच्या लहरीला पडणारा वळसा सुमारे २५ सेंटिमीटरचा असतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरल्यास सुमारे ६९० हर्ट्झला दोन्ही लहरी परस्परपूरक होऊन आवाज ६ डेसिबलने वाढतो, तर सुमारे १३८० हर्ट्झला त्या एकमेकींना छेदतात व तेथे खळगा पडतो. सुमारे २३० हर्ट्झला लाभ किंवा तोटा नसतो. त्याखाली प्रत्येक सप्तकामागे आवाज सुमारे ६ डेसिबलने घटत जातो.

याचा संगीतावरील परिणाम तानपुऱ्याच्या उदाहरणावरून ध्यानात येतो. काळी एक या पट्टीतील पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, तर त्याच्या तानपुऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची असते. वरील फळीवर या तारेचा मूळ स्वर सुमारे १० डेसिबलने खाली जातो. तारेचे वरचे स्वरांश ऐकू येत असल्याने स्वर ओळखता येतो, पण त्याचा भरीवपणा हरवतो.

ड्रायव्हरची निवड

नेव्हिल थील व रिचर्ड स्मॉल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापांपैकी क्यूटीएस हे माप येथे सर्वांत महत्त्वाचे ठरते. ड्रायव्हर स्वतःच्या नैसर्गिक कंपनाला कितपत आवर घालतो, हे त्यावरून कळते. पेटीसाठी बनवलेल्या अनेक ड्रायव्हरांत ते ०.४ च्या आसपास असते. ओपन बॅफलसाठी ०.७ किंवा त्याहून अधिक क्यूटीएस असलेला ड्रायव्हर सोयीचा पडतो, कारण त्याच्या नैसर्गिक कंपनाजवळचा आवाजाचा उठाव फळीमुळे होणारी घट काही अंशी भरून काढतो. खर्जासाठी १२ किंवा १५ इंची मोठे शंकू वापरण्याची प्रथा आहे.

फळीची बांधणी

फळी साधारणतः १८ ते २५ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची करतात. फळी स्वतःच थरथरू लागल्यास तिचा आवाज मूळ आवाजात मिसळतो. म्हणून पाठीमागून आडवे-उभे टेकू दिले जातात आणि जड चुंबकालाही आधार दिला जातो. ड्रायव्हर नेमका मध्यभागी न बसवता एका बाजूला सरकवल्यास निरनिराळ्या कडांपर्यंतचे अंतर वेगवेगळे होते. त्यामुळे एकच खोल खळगा न पडता परिणाम विखुरला जातो. जाड फळीतील भोकाची मागची कड तासून पसरट केल्यास मागचा आवाज कोंडत नाही. फळीला मागे दुमडलेले पंख जोडले की रुंदी न वाढवता वळसा लांबतो. मात्र खोल पंखांमुळे पोकळी तयार होऊन तिचा घुमारा ऐकू येऊ शकतो.

खोलीतील मांडणी

पेटीचा स्पीकर भिंतीजवळ नेला की खर्ज वाढतो. ओपन बॅफलच्या बाबतीत नेमके उलट घडते. त्याच्या मागून निघालेली उलट लहर भिंतीवर आपटून परतते आणि भिंत फार जवळ असेल तर खर्ज आणखी खाली ओढते. भिंतीपासून १ मीटर अंतरावर परतलेली लहर सुमारे ८६ हर्ट्झच्या आसपास पूरक ठरते व सुमारे १७२ हर्ट्झला मारक ठरते. ती सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा येत असल्याने मूळ ध्वनीपासून तिला वेगळे ओळखणेही कानाला सोपे जाते. म्हणून किमान १ मीटर अंतर राखावे, असे सर्वसाधारणपणे सुचवले जाते.

बगलेला ध्वनी क्षीण असल्याने बाजूच्या भिंतींचा उपद्रव कमी असतो. दोन्ही फळ्या श्रोत्याच्या दिशेने थोड्या वळवून क्षीण बाजू त्या भिंतींकडे रोखता येते. स्पीकर व श्रोता यांचा साधारण समभुज त्रिकोण साधावा. पाठीमागच्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट असल्यास परतणारा आवाज विखुरला जातो. पडद्यामुळे मात्र मुख्यतः वरचे स्वर शोषले जातात. खर्जावर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

विद्युत जुळवणी

जागा निश्चित झाल्यानंतरही उरलेली घट दोन प्रकारे भरून काढतात. पहिल्या प्रकारात ड्रायव्हरच्या मार्गात तारेचे वेटोळे व त्याला समांतर रोधक जोडून मधले व वरचे स्वर खाली आणले जातात. यात समतोल साधतो, पण एकंदर आवाज कमी होतो. दुसऱ्या प्रकारात ॲम्प्लिफायरच्या आधीच अंकीय किंवा इलेक्ट्रॉनिक मंडलाने खर्ज उचलला जातो.

दुसऱ्या मार्गात सावधगिरी आवश्यक आहे. खर्ज १० डेसिबलने उचलल्यास त्या स्वरांसाठी ॲम्प्लिफायरला दहापट शक्ती द्यावी लागते आणि शंकूची हालचाल तिपटीहून अधिक होते. शिवाय आवाजाची तीच पातळी राखून एक सप्तक खाली जाताना बंद पेटीत शंकूला चौपट, तर ओपन बॅफलमध्ये आठपट हालचाल करावी लागते. ही मर्यादा ओलांडल्यास आवाज फाटतो व वेटोळे कायमचे निकामी होऊ शकते. त्यामुळे ड्रायव्हरच्या क्षमतेपलीकडचे अतिखर्ज स्वर गाळून टाकले जातात. ८० ते १०० हर्ट्झखालचे काम स्वतंत्र खर्ज स्पीकरकडे सोपवण्याचा पर्यायही असतो.

मोजमाप

कानाने केलेली जुळवणी मापनाने पडताळून पाहणे हिताचे ठरते. त्यासाठी साधा मापन मायक्रोफोन व रूम ईक्यू विझार्डसारखी विनामूल्य संगणक प्रणाली पुरेशी असते. मायक्रोफोन शंकूला चिकटवून घेतलेल्या मापात मागच्या लहरीमुळे होणारी घट दिसतच नाही. म्हणून खर्जाचे माप श्रोत्याच्या बैठकीवर व तिच्या आसपासच्या अनेक जागी घ्यावे लागते. एका वेळी एकच बदल करून पुन्हा मापन केले जाते. आलेखातील उंचवटे कमी करता येतात. पण लहरी परस्परांना छेदल्याने पडलेले खळगे शक्ती वाढवून भरत नाहीत. त्यांच्यावर फळी किंवा बैठक सरकवणे हाच उपाय असतो.

मर्यादा

लहान खोलीत भिंतीपासून पुरेसे अंतर ठेवणे अवघड असते. मोठ्या आवाजात खोल खर्ज हवा असल्यास एकाहून अधिक मोठे ड्रायव्हर लागतात व खर्च वाढतो. अशा ठिकाणी बंद पेटीचा स्पीकर अधिक व्यवहार्य ठरतो. ओपन बॅफलचा लाभ प्रामुख्याने मध्यम आवाजात ऐकणाऱ्यांना आणि स्पीकर खोलीच्या आत आणून ठेवण्याची मुभा असलेल्यांना मिळतो.