आबांचा पाय

एकलहऱ्यात संध्याकाळ होते आहे. औष्णिक केंद्राच्या चिमण्यांमागे ऊन उतरलंय. तिथून निवृत्त झालेले आबा ओट्यावर बसलेत, पायजमा गुडघ्यापर्यंत सरकवून. समोर माझी लेक, हातात निळं स्केचपेन. उद्या तिची ॲनाटॉमीची तोंडी परीक्षा आहे.

"आबा, पाय सैल सोडा."

गुडघ्याच्या बाहेर, थोडं खाली, एक टणक गोळा तिच्या बोटाला लागतो. "हे फिब्युलाचं डोकं. याच्या मानेला वळसा घालून नस जाते. ती दुखावली तर पाऊल वर उचलता येत नाही." पेन खाली निघतं आणि मध्येच थांबतं. हे बारीक हाड इथे स्नायूंत बुडालेलं. ते पुन्हा हाताला लागतं थेट बाहेरच्या घोट्याशी. शरीराचा भार ते थोडाच पेलतं, पण घोट्याचा सांधा बाहेरून तेच आवळून धरतं.

"बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खाली असतो, बघा."

आबा वाकून दोन्ही घोटे चाचपतात. "खरंच की गं!"

आता नडगी. मांडीच्या हाडाखालोखाल शरीरातलं सगळ्यात लांब हाड, टिबिया. वाटीखालच्या उंचवट्यापासून पेन धारेवरून सरळ खाली येतं. इथे मांस नाही, कातडीखाली लगेच हाड. खाटेचा कोपरा लागला की जीव कळवळतो तो इथेच.

घोट्याच्या वर चार बोटांवर पेन अडतं. तिथे हाडाला गाठ आहे.

"सायकलवरून पडलो होतो. तुझा बाप तेव्हा रांगत होता. हात मोडलेला एक सोबती माझ्यानंतर पडला आणि माझ्याआधी कामावर आला. मला वाटायचं, माझ्याच अंगात काही कमी आहे."

लेक पेन बाजूला ठेवते. अंगठा गाठीवरून हळूच फिरवते.

"नाही हो आबा. नडगीच्या खालच्या भागाला रक्त कमी पोहोचतं. भोवती मांसही नाही. इथलं हाड जुळायला वेळ लागतोच. कुणाचंही."

आबा बराच वेळ गाठीकडे बघत राहतात. मीही बघतो. इतक्या वर्षांत हे ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

लेक गाठीवरून रेघ ओढत घोट्यापर्यंत नेते. आबा दुसरा पाय पुढे करतात.

"याच्यावरपण काढ. दोन्ही शेजारी ठेवून बघू."