फुकटाचे सोने पारखावे कसे?

पनवेल तालुक्यात पाताळगंगेच्या काठी आपटा गाव आहे. दसऱ्याला याच नावाच्या झाडाची पाने आपण ‘सोने’ म्हणून वाटतो. बाजारात मात्र पुष्कळदा कांचनाची पाने आपटा म्हणून विकतात! आपट्याचे पान कांचनापेक्षा लहान, लांबीपेक्षा रुंदीला अधिक. हे ठाऊक असणारा फसत नाही.

इंटरनेटवरील फुकट मालाचेही तसेच आहे. ‘इस्रो’चे ‘भुवन’ २००९ पासून उपग्रहांनी टिपलेला भारत विनामूल्य दाखवते. मराठी विश्वकोशही तेथे मोफत वाचता येतो. त्यांचा खर्च सरकार करते. म्हणून प्रथम विचारावे : याचे पैसे कोण भरतो?

मग संकेतस्थळाचे नाव शेवटाकडून वाचावे. ‘भुवन’चे नाव ‘गव्ह.इन’ने संपते; ही अक्षरे सरकारी संस्थांनाच मिळतात. पण ‘दुकान.बक्षीस.कॉम’चा मालक ‘दुकान’ नव्हे, ‘बक्षीस.कॉम’ असतो!

सणासुदीच्या सवलतीसाठी कोणी यूपीआयचा पिन मागितला, तर थांबावे. पिन पैसे देण्यास लागतो, घेण्यास नव्हे. तरीही पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० हा क्रमांक फिरवावा.

मित्रांनो, आज ‘भुवन’वर पाताळगंगा शोधून पाहा बरे!