गढीच्या आतलं सरकार (लेखांक चौथा)

मागच्या लेखांकात आपण १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांपाशी थांबलो होतो. सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची खतं जाळली, आणि चारच वर्षांत, १८७९ मध्ये, सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत सोलापूर होतं. सावकारांनी त्यातूनही पळवाटा काढल्या, हे खरंच. पण खतावर आकडा कितीही असो, मूळ देणं किती हे तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. सोलापूरकडून नळदुर्गाच्या रस्त्याला लागलं की थोड्याच कोसांवर निजामाची हद्द सुरू व्हायची. तिथं तेव्हा कुळाची दाद घेणारा असा कायदा नव्हता. निजामाच्या याच हैदराबाद राज्याच्या पूर्वेकडे, तेलंगणातल्या नलगोंडा-वरंगळ भागात, १९४६ ते १९५१ या काळात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी हत्यार उचललं. त्याचं कारण सहसा एका शब्दात सांगितलं जातं: गरिबी. मला ते पटत नाही. नुसत्या गरिबीनं बंदुका निघाल्या असत्या, तर पाऊस हमखास हुलकावणी देणाऱ्या सांगोला-मंगळवेढ्यात त्या आधी निघायला हव्या होत्या.

तेलंगणात वेगळं काय होतं, ते एका गढीत शिरल्याशिवाय कळत नाही. विसनूरचा देशमुख रामचंद्र रेड्डी याच्याकडे चाळीस हजार एकर जमीन होती. आपल्याकडचा बडा बागायतदार डोळ्यांपुढे आणून हा आकडा समजणार नाही, कारण प्रश्न नुसत्या एकरांचा नव्हता. जमीन त्याची, पटेल-पटवारी त्याच्या मुठीत, पोलीस त्याच्या ओसरीवर. गावातल्या प्रत्येक जातीवर वेठ बसलेली. चांभारानं चपला द्यायच्या, कुंभारानं मडकी, कोष्ट्यानं कापड. परटानं धुणी धुवायची. माला-मादिग या दलित जातींनी देशमुखाची चिठ्ठी घेऊन पुढच्या गावापर्यंत धावत जायचं. तेलुगूतला ‘वेट्टी’ आणि आपला ‘वेठ’ एकच. पालकुर्तीची ऐलम्मा परीट समाजातली. तिनं खंडानं जमीन कसली हेच देशमुखाला खुपलं, आणि उभं पीक कापून न्यायला त्याची माणसं आली. आंध्र महासभेच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या भाषेत ‘संघम’च्या, कार्यकर्त्यांनी ते पीक कापून तिच्या घरी पोचवलं. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडीत निघालेल्या मोर्चावर देशमुखाच्या माणसांनी गोळ्या झाडल्या आणि संघमचा कार्यकर्ता दोड्डी कोमरय्या ठार झाला. मोर्चेकऱ्यांच्या हातात लाठ्या आणि गोफणी होत्या. सशस्त्र लढ्याची उघड हाक आली ती सप्टेंबर १९४७ मध्ये, म्हणजे वर्षभरानंतर. हा क्रम विसरला की सगळा इतिहास उलटा वाचला जातो.

यावर पहिला आक्षेप असा की कम्युनिस्ट पक्षानं चिथावलं नसतं तर काही घडलं नसतं. पक्ष नसता तर ही धग इतक्या गावांत पसरली नसती, एवढं मान्य. पण आंध्र महासभा १९३० पासून ठराव आणि अर्ज करत होती, आणि तिची सूत्रं रवी नारायण रेड्डींसारख्या कम्युनिस्टांकडे आली ती पुष्कळ नंतर. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: उस्मानाबादही निजामाचंच, मग तिथं का नाही? बंदुका तिथल्या तरुणांनीही हाती घेतल्या, हद्दीवरच्या कॅम्पांमधून. मात्र त्यांचा रोख निजाम आणि त्याच्या पाठीराख्या सशस्त्र रझाकारांवर होता, गावातल्या देशमुखावर नव्हे. मराठवाड्यात देशमुख होते, पण एकाच घरानं जमीन, चावडी आणि वेठ या तिन्ही गोष्टी एवढ्या प्रमाणात गिळल्याचं चित्र तिथं नव्हतं. शिवाय सोलापूरच्या बाजूला आणखी एक वाट होती: गाव सोडण्याची. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल आणि शहरातले हातमाग यांनी तेलंगणातल्या पद्मशाली विणकरांना पोटाला लावलं. सोलापूर काही बापुडवाणं नव्हतं; १९३० मध्ये इथं मार्शल लॉ पुकारावा लागला. पण ते भांडण शहराचं आणि थेट इंग्रज सरकारशी होतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. सप्टेंबर १९४८ मध्ये जनरल चौधरींचं सैन्य सोलापूरकडूनच हैदराबादवर गेलं, चार-पाच दिवसांत निजाम शरण आला. मग लढा पुढे तीन वर्षं कशाला? कारण लढ्यात पळालेले देशमुख सैन्याच्या आडोशानं गावात परतले आणि शेतकऱ्यांनी वाटून घेतलेल्या जमिनी परत मागू लागले. राजा गेला, गढी राहिली. पक्षाच्या नेत्यांनी तेव्हा ताकदीचा अंदाज चुकवला आणि त्याची किंमत खेड्यांनी मोजली, हेही लिहायला हवं. पण १९४९ मध्ये जागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला, १९५१ च्या ऑक्टोबरात लढा मागे घेतला गेला. लगेच आलेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नलगोंड्यानं रवी नारायण रेड्डींना लोकसभेत पाठवलं, तेही पंडित नेहरूंना मिळाली त्यांहून जास्त मतं देऊन.