जानेवारी १९५० : प्रजासत्ताक साकारणारे पाच दिवस

- विशेष प्रतिनिधी

प्रजासत्ताक दिन म्हटला, की राजधानीतील संचलन आणि शाळा-कार्यालयांतील ध्वजवंदन डोळ्यांसमोर येते. मात्र भारताचे प्रजासत्ताक केवळ एका सकाळच्या समारंभातून उभे राहिलेले नाही. २४ ते २८ जानेवारी १९५० या पाच दिवसांत राष्ट्रगीत ठरले, पहिले राष्ट्रपती निवडले गेले, निवडणूक आयोग अस्तित्वात आला, राज्यघटना अमलात आली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजास प्रारंभ झाला. या घटनांचा क्रम समजून घेतला, तर राज्यघटनेने नागरिकाच्या हाती नेमके काय दिले, हेही उमगते.

२६ जानेवारीच का?

या तारखेचे मूळ १९२९च्या लाहोर काँग्रेसमध्ये आहे. वसाहतीच्या स्वराज्यासाठी ब्रिटिश सरकारला दिलेली एक वर्षाची मुदत उलटून गेली होती. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या या अधिवेशनाने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रावीच्या काठी तिरंगा फडकला. त्यानंतर २६ जानेवारी १९३०, म्हणजे त्या महिन्यातील शेवटचा रविवार, देशभर स्वातंत्र्य दिन म्हणून पाळण्याचे ठरले. गावोगावी सभा झाल्या, प्रतिज्ञेचे वाचन झाले. पुढे १९४७पर्यंत हाच आपला स्वातंत्र्य दिन होता.

प्रत्यक्ष स्वातंत्र्य मिळाले ते १५ ऑगस्टला. ही तारीख लॉर्ड माउंटबॅटन यांनी निवडली होती. जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षे पूर्ण होत होती. स्वातंत्र्यलढ्याने आपली मानलेली तारीख त्यामुळे मागे पडली. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झाली, तरी तिची संपूर्ण अंमलबजावणी दोन महिन्यांनी सुरू करण्यात आली. त्या जुन्या प्रतिज्ञेचा मान अशा रीतीने राखला गेला.

तोपर्यंत भारत स्वतंत्र असला तरी ब्रिटिश राजमुकुटाखालील डोमिनियन होता. राजे सहावे जॉर्ज हे औपचारिकदृष्ट्या राष्ट्रप्रमुख होते आणि त्यांचे प्रतिनिधी म्हणून चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरलपदी होते. कारभार १९३५च्या कायद्यानुसार चालत होता.

२४ जानेवारी : स्वाक्षऱ्या आणि राष्ट्रगीत

या दिवशी घटना समितीची अखेरची बैठक भरली. सभागृहात राज्यघटनेच्या तीन प्रती ठेवण्यात आल्या होत्या. एक छापील इंग्रजी, एक हस्तलिखित इंग्रजी आणि एक हस्तलिखित हिंदी. इंग्रजी हस्तलिखित प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी, तर हिंदी हस्तलिखित वसंत कृष्ण वैद्य यांनी सिद्ध केले. पानांवरील चित्रसजावट नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनमधील कलावंतांची होती. एकूण २८४ सदस्यांनी स्वाक्षऱ्या केल्या.

'जन गण मन' या राष्ट्रगीतासाठी मात्र मतदान झाले नाही. अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी निवेदन करून ते जाहीर केले आणि स्वातंत्र्यलढ्यातील स्थानामुळे 'वंदे मातरम्'लाही समान सन्मान राहील, असे स्पष्ट केले. बैठकीच्या शेवटी सदस्यांनी ही दोन्ही गीते सभागृहात गायिली. राष्ट्रपतिपदासाठी नेहरूंनी सुचविलेला आणि सरदार पटेल यांनी अनुमोदन दिलेला राजेंद्रप्रसाद यांचा एकच अर्ज आल्याने त्यांची निवड बिनविरोध झाली.

२५ जानेवारी : आधी आयोग, मग प्रजासत्ताक

निवडणूक आयोगाची स्थापना प्रजासत्ताकाच्या एक दिवस आधी झाली. हे शक्य झाले ते राज्यघटनेच्या ३९४व्या कलमामुळे. नागरिकत्व, राष्ट्रपतींची शपथ, निवडणुका आणि संक्रमणकाळातील व्यवस्था यांविषयीची मोजकी कलमे २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच लागू झाली होती. फाळणीमुळे लाखो लोक सीमेपलीकडून आले होते. भारताचा नागरिक कोण, याचे उत्तर लांबणीवर टाकता येणार नव्हते. मतदारांशी संबंधित यंत्रणाही वेळेत उभी राहणे गरजेचे होते.

ब्रिटिश अमदानीत मालमत्ता, करभरणा, शिक्षण अशा अटींमुळे बहुसंख्य प्रौढ मताधिकारापासून वंचित होते. नव्या घटनेने २१ वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत दिले. सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली १९५१-५२ मध्ये झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते. मतदाराचे किमान वय १८ झाले ते १९८९ मधील घटनादुरुस्तीने. २०११पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिन म्हणून पाळला जातो.

२६ जानेवारी : सकाळी १० वाजून १८ मिनिटे

तेव्हाच्या गव्हर्न्मेंट हाउसमधील, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनातील, दरबार हॉलमध्ये सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी राजगोपालाचारी यांनी प्रजासत्ताकाची घोषणा केली. सहा मिनिटांनी सरन्यायाधीश हरिलाल कनिया यांनी राजेंद्रप्रसाद यांना शपथ दिली. दुपारी आयर्विन स्टेडियमवर पहिले संचलन झाले. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो प्रमुख पाहुणे होते. संचलन राजपथावर नियमितपणे होऊ लागले ते १९५५पासून. २०२२मध्ये त्या मार्गाचे नाव कर्तव्यपथ झाले.

समारंभापेक्षा मोठा बदल कायद्यात झाला. अस्पृश्यता नष्ट करणारे १७वे कलम, कायद्यासमोर समानता, भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य हे सारे त्या दिवसापासून न्यायालयात मागता येण्याजोगे हक्क बनले.

२८ जानेवारी : दाद मागण्याची जागा

हक्क कागदावर असून भागत नाही. ते मिळवून देणारी यंत्रणा लागते. २८ जानेवारीला संसद भवनातील नरेंद्र मंडळाच्या दालनात सर्वोच्च न्यायालयाचे उद्घाटन झाले. फेडरल कोर्ट याच दालनात भरत असे. सर्वोच्च न्यायालय स्वतःच्या इमारतीत गेले ते १९५८मध्ये.

या न्यायालयाचे महत्त्व चार महिन्यांतच दिसून आले. मुंबईतून प्रसिद्ध होणाऱ्या 'क्रॉसरोड्स' या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली प्रवेशबंदी न्यायालयाने मे १९५०मध्ये रद्द ठरविली. पाठोपाठ १९५१मध्ये सरकारने पहिली घटनादुरुस्ती करून अभिव्यक्तीवरील निर्बंधांची व्याप्ती वाढविली. हक्क आणि सत्ता यांच्यातील ओढाताण प्रजासत्ताकाच्या बालपणापासूनचीच आहे.

या सोहळ्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, ३० जानेवारीला, महात्मा गांधींच्या हत्येला दोन वर्षे पूर्ण झाली. आनंद आणि शोक यांचे हे सान्निध्य आजही दर जानेवारीअखेर जाणवते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात इशारा दिला होता, की २६ जानेवारीला आपण एका विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत. राजकारणात समता असेल. सामाजिक व आर्थिक जीवनात मात्र विषमता कायम राहील. ही विसंगती लवकर दूर झाली नाही, तर विषमतेने पिचलेले लोक लोकशाहीचा डोलाराच उद्ध्वस्त करतील, असे त्यांनी बजावले होते. त्या पाच दिवसांनी मताचा हक्क, कायदा आणि न्यायालय दिले. विसंगती मिटविण्याचे काम मात्र कोणत्याही एका तारखेला संपणारे नव्हते. ते प्रत्येक पिढीच्या वाट्याला आले आहे.