फाईल उघडते, पण भलत्याच घरात!

मैत्रिणींनो, फाईल बिघडली असं समजून तुम्ही कधी दुकानात पैसे मोजून आला आहात का? आमच्या दारव्ह्याच्या जाऊबाई तीनदा मोजून आल्या! बँकेला ई-आधार हवं होतं. घरच्या संगणकावर त्यांनी ते उतरवून घेतलं, पण फाईल उघडली की "चाचणीचे दिवस संपले, पैसे भरा" अशी पाटी समोर. मग दुकान गाठायचं. शिवाय ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं नि जन्मसाल. तोही दुकानातल्या पोराला सांगायचा! मला हे कळलं तेव्हा पैशांपेक्षा त्याचीच धास्ती वाटली.

"अवं, फाईलच खराब आहे माझी," असं त्या यवतमाळला आल्या तेव्हा म्हणाल्या. फाईल अगदी धड होती. मुलानं कधीतरी एक फुकटचा प्रोग्रॅम टाकला होता आणि सगळ्या पीडीएफ फाईली त्यानं आपल्या ताब्यात घेतल्या होत्या, इतकंच.

फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन पीडीएफ, जेपीजी अशी अक्षरं असतात. डब्यावरची चिठ्ठीच म्हणा ना. ती वाचून विंडोज ठरवतं, हा डबा कुणाच्या हाती द्यायचा. आपल्याला हात बदलायचा आहे, चिठ्ठी नव्हे. (चिठ्ठी बदलून बघू नका हं! तिखटाच्या डब्यावर साखर लिहिलं म्हणून चहा गोड होत नाही.)

फाईलवर माऊसची उजवी कळ दाबा. 'ओपन विथ' आणि मग 'चूज अनदर ॲप' निवडा. यादीतून हवा तो प्रोग्रॅम घ्या. विंडोज ११ असेल तर खाली 'ऑलवेज' दाबा. विंडोज १० मध्ये 'ऑलवेज यूज धिस ॲप' समोर खूण करून 'ओके'. नुसतं 'जस्ट वन्स' दाबलंत तर उद्या पुन्हा तेच रडगाणं!

नुसतं वाचायचं असेल तर विंडोजबरोबर येणारा एज ब्राउझर पुरतो. ई-आधारवरची डिजिटल सही तपासून हिरवी खूण आणायची असेल तर मात्र ॲडोबी रीडर हवा. तो कंपनीच्याच साईटवरून घ्या. आपला सातबारासुद्धा १५ रुपयांत घरबसल्या पीडीएफमध्येच मिळतो, तेव्हा ही सोय एकदा नीट लावून ठेवलेली बरी. कधी कधी विंडोज अद्ययावत झालं की निवड मूळपदावर जाते. घाबरू नका, पुन्हा लावा.

आणखी एक, बरं का. विंडोज ही चिठ्ठी सहसा लपवूनच ठेवतं. विंडोज ११ मध्ये फाईलींच्या खिडकीत 'व्ह्यू', मग 'शो' आणि 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' केलं की ती दिसू लागते. 'वीजबिल' नावापुढे पीडीएफ आणि त्याच्याही पुढे ईएक्सई दिसलं, तर ते बिल नव्हेच, प्रोग्रॅम आहे. न उघडता पुसून टाका.