पूरक आणि पर्यायी उपचारपद्धती : ओळख आणि विवेकी निवड

प्रस्तावना

सर्दी झाली की घरात आल्याचा काढा होतो, पाठ धरली की तेल लावून शेक दिला जातो, आणि ताप उतरला नाही तर डॉक्टरांकडे धाव घेतली जाते. एकाच घरात, कधी एकाच आजारात, दोन-तीन उपचारपद्धती आपण सहज वापरतो. त्यांतील कोणती केव्हा उपयोगी, कोणती केव्हा घातक, हे ठरवायचे कसे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. प्रस्तुत घटकात तो विचार करावयाचा आहे.

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस,
- पूरक, पर्यायी आणि एकात्मिक उपचार यांतील फरक सांगता येईल.
- उपचारपद्धतींचे मुख्य प्रकार व भारतातील त्यांचे स्थान स्पष्ट करता येईल.
- ‘गुण आला’ या अनुभवाची चिकित्सा करता येईल.
- उपचार निवडताना घ्यावयाची काळजी सांगता येईल.

१. संकल्पना

आधुनिक वैद्यकाच्या उपचारांबरोबर जी पद्धती वापरली जाते तिला पूरक उपचार म्हणतात. उदा., कर्करोगाची केमोथेरपी चालू असताना थकवा व चिंता कमी व्हावी म्हणून केलेली योगसाधना. आधुनिक उपचार सोडून त्यांच्या जागी वापरली जाते ती पर्यायी पद्धती. उदा., केमोथेरपी नाकारून केवळ काढे घेणे. दोन्ही पद्धतींचे वैद्य व डॉक्टर एकमेकांच्या माहितीने रुग्णाची काळजी घेतात तेव्हा त्यास एकात्मिक उपचार म्हणतात.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. काढा किंवा आसन स्वतः पूरक नसते की पर्यायी नसते. आपण त्याचा वापर कसा करतो, यावर ते ठरते. म्हणून ‘ही पद्धती चांगली की वाईट?’ या प्रश्नापेक्षा ‘या आजारात, या टप्प्यावर, हिच्यासाठी मी काय सोडतो आहे?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

२. मुख्य प्रकार

अभ्यासाच्या सोयीसाठी या पद्धतींचे पाच गट केले जातात.

(अ) संपूर्ण वैद्यकपद्धती : स्वतःचा सिद्धान्त, निदान व औषधी असलेल्या. उदा., आयुर्वेद, युनानी, सिद्ध, पारंपरिक चिनी वैद्यक. जर्मन डॉक्टर सॅम्युअल हानेमान यांनी १७९६ पासून मांडलेली होमिओपॅथीही याच गटातील.
(आ) मन-शरीर पद्धती : ध्यान, प्राणायाम, योग, संगीतोपचार.
(इ) जैविक द्रव्यांवर आधारित : वनस्पती, पूरक जीवनसत्त्वे, विशेष आहार.
(ई) शरीरावर हाताने करावयाचे उपचार : मालिश, कायरोप्रॅक्टिक.
(उ) ऊर्जा-उपचार : रेकी, स्पर्शोपचार, चुंबकोपचार.

३. भारतातील स्थान

पाश्चात्त्य देशांत ज्यांना ‘पर्यायी’ म्हटले जाते, त्यांतील अनेक पद्धती भारतात कायद्याने मान्य आहेत. १९७० च्या भारतीय वैद्यक केंद्रीय परिषद अधिनियमाने व १९७३ च्या होमिओपॅथी परिषद अधिनियमाने त्यांच्या शिक्षणाला चौकट मिळाली. आता त्यांची जागा २०२० च्या राष्ट्रीय आयोगांच्या कायद्यांनी घेतली आहे. केंद्र सरकारने १९९५ मध्ये या पद्धतींसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला, २००३ मध्ये त्याला ‘आयुष’ हे नाव दिले आणि २०१४ मध्ये त्याचे मंत्रालय झाले.

महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजण्यास आरंभ केला. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचन येथे निसर्गोपचार केंद्र सुरू झाले.

कायद्याची मान्यता म्हणजे शिक्षणाची व व्यवसायाची मान्यता होय. त्या पद्धतीचा प्रत्येक उपचार प्रत्येक आजारात गुणकारी ठरला आहे, असा तिचा अर्थ नाही.

४. एक उदाहरण : सर्पगंधा

परंपरेतील ज्ञान तपासून घेतले तर काय घडू शकते, हे सर्पगंधा या वनस्पतीवरून समजते. तिची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. बिहारमध्ये तर तिला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी मनोविकारांत व उच्च रक्तदाबात तिचा उपयोग होत असल्याचे प्रसिद्ध केले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ही मुळी देऊन रक्तदाबाच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या. त्यांचा लेख १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे केले.

तपासणीतून दुसरी बाजूही पुढे आली. रेसरपिन अधिक मात्रेत घेणाऱ्या काही रुग्णांत तीव्र नैराश्य दिसले. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली व त्याचा वापर कमी झाला. या उदाहरणातून दोन गोष्टी घ्याव्यात. परंपरेत सांगितले म्हणून एखादी गोष्ट खोटी ठरत नाही. आणि वनस्पतीत परिणाम करण्याची ताकद असेल, तर दुष्परिणाम करण्याचीही असते.

५. ‘गुण आला’ म्हणजे काय?

‘मला गुण आला’ हा रुग्णाचा अनुभव खरा असतो. प्रश्न असतो तो गुण कशाने आला, हा. काविळीचे उदाहरण घ्या. अनेक ठिकाणी काविळीवर गळ्यात मुळ्यांची माळ घालतात किंवा झाडपाल्याचे औषध देतात. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात आणि श्रेय माळेला मिळते. वास्तविक दूषित पाण्यातून होणारी ‘हिपॅटायटिस ए’ची कावीळ बहुतेकांत आपोआपच बरी होते. माळ घातली नसती तरी ती उतरली असती.

परंतु पित्तनलिकेत खडा अडकल्यामुळे, लेप्टोस्पायरोसिसमुळे किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगामुळेही डोळे पिवळे होतात. अशा रुग्णाने माळ घालून पंधरा दिवस वाट पाहिली, तर तेच दिवस जिवावर बेतू शकतात. जे बरे झाले ते गावभर सांगतात. जे गेले त्यांची माळेच्या हिशोबात नोंदच होत नाही.

आपोआप बरे होण्याखेरीज आणखी तीन कारणे ध्यानात ठेवावीत.
- दुखणे चढ-उताराचे असते. ते शिगेला पोहोचल्यावर आपण उपचार घेतो आणि त्यानंतर ते बहुधा उतरतेच.
- विश्वास, स्पर्श व आपुलकीने विचारपूस यांमुळे वेदना कमी जाणवते. यास प्लासिबो परिणाम म्हणतात.
- रुग्ण बरोबरीने दुसरेही औषध घेत असतो.

म्हणूनच उपचार तपासताना सारख्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करतात. एकास उपचार देतात, दुसऱ्यास दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी देतात, आणि दोन्ही गटांतील फरक मोजतात. फरक आढळला, तरच तो त्या उपचाराचा गुण म्हणता येतो.

६. आजवरचा पुरावा

सर्व पद्धतींना एकच निकाल लावता येत नाही. जुनाट कंबरदुखीसाठी योग, ॲक्युपंक्चर व ध्यानाधारित उपचार प्रथम विचारात घ्यावेत, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये केली. उलट, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा तिला कोणत्याही आजारात आढळला नाही.

कर्करोगाबाबत २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला अभ्यास विशेष बोलका आहे. बरे होण्याजोगा कर्करोग असूनही केवळ पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी केली गेली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहून अधिक होता.

७. धोके

‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हा समज बरोबर नाही.

१. औषधांची परस्परक्रिया : ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.
२. जड धातू : २००४ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले.
३. विलंब : उपचाराने थेट अपाय झाला नाही, तरी योग्य उपचाराची वेळ निघून जाते. हा सर्वांत मोठा धोका होय.

मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे करण्याच्या दाव्यांची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने मनाई आहे. ‘मधुमेह मुळापासून घालवा’ ही जाहिरात दिसली की हा कायदा आठवावा.

८. निवड करताना

- प्रथम निदान करून घ्यावे, मग उपचार निवडावा.
- उपचारकाची पदवी व नोंदणी क्रमांक विचारावा. विचारण्यात गैर काही नाही.
- औषधाच्या वेष्टनावर घटक, परवाना क्रमांक व मुदत पाहावी. नाव नसलेल्या पुड्या घेऊ नयेत.
- काढा, चूर्ण, गोळी, जे घेत असाल ते डॉक्टरांना सांगावे, शस्त्रक्रियेपूर्वी तर अवश्य.
- इन्सुलिन, फिट्सची, क्षयरोगाची वा रक्तदाबाची औषधे कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नयेत.
- छातीत दुखणे, अर्धांगवायूची लक्षणे, सर्पदंश, बाळाचा तीव्र ताप यांत थेट रुग्णालय गाठावे.

सारांश

पूरक उपचार आधाराला असतात, तर पर्यायी उपचार मुख्य उपचाराची जागा घेतात. हा फरक ओळखणे म्हणजे निम्मे काम झाले. परंपरेचा आदर आणि पुराव्याची मागणी यांत विरोध नाही. सर्पगंधेला जगात मान मिळाला तो तपासणीमुळेच.

स्वाध्याय

१. पूरक व पर्यायी उपचार यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. काविळीच्या उदाहरणावरून ‘गुण येणे’ या अनुभवाची चिकित्सा करा.
३. आपल्या घरात सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची, घरगुती उपायांसह, यादी करा. त्यांपैकी कोणत्या गोष्टी डॉक्टरांना सांगितलेल्या नाहीत, ते नोंदवा.