सुगंध हरवलाय? आधी वात बघा!

*घरी केलेली सेंटेड कँडल बरणीत घमघमते आणि पेटवली की गप्प बसते? थांबा, अत्तराची बाटली खाली ठेवा. गडबड बहुतेक वेळा तिथे नसतेच!*

लोडशेडिंगच्या काळात मेणबत्ती म्हणजे फ्रिजवर काड्यापेटीशेजारी पडलेली पांढरी कांडी. दिवे गेले की शोधाशोध, दिवे आले की फुंकर. संपलं काम. आता तीच मेणबत्ती देखण्या काचेच्या ग्लासात बसलीये, अंगावर लेबल लावलंय आणि नाव झालंय सेंटेड कँडल. ऑफिसातल्या सीक्रेट सँटापासून गृहप्रवेशापर्यंत सगळीकडे तिचीच चलती. मग कुणाला तरी वाटतंच, 'एवढे पैसे कशाला घालवायचे? घरीच करू की!'

करायला सोपी आहेच. मेण वितळवा, सुगंधी तेल घाला, वात लावलेल्या ग्लासात ओता. खरी मजा पुढे. नाक लावलं तर मोगरा दरवळतोय, पेटवली तर खोलीत शुकशुकाट! यालाच कँडलवाल्यांच्या भाषेत 'कोल्ड थ्रो' आणि 'हॉट थ्रो' म्हणतात. न पेटवता येणारा वास तो कोल्ड, पेटल्यावर खोलीभर पसरणारा तो हॉट. पहिला चांगला म्हणून दुसरा चांगला असेलच, याची गॅरंटी नाही.

दिवाळीची ऑर्डर आणि बारा टक्के

पुण्यात हिंजवडीला एचआरमध्ये असलेली माझी एक मैत्रीण याच प्रश्नात अडकली होती. वीकेंडचा छंद म्हणून सुरू झालेलं काम ऑफिसात गाजलं आणि एका टीमने तिला दिवाळीसाठी चाळीस जारची ऑर्डर दिली. अ‍ॅडव्हान्ससकट! दिवाळीला पाच आठवडे होते. तिने सोया मेणाचे पहिले बारा जार ओतले, एक पेटवून बघितला. वास जवळपास शून्य. मेणाच्या आठ टक्के तेल घालत होती, ते दहा केलं. मग बारा. वास वाढायच्या ऐवजी ज्योतच मलूल झाली. नोकरी सोडून हेच करायचं का, असा विचार तिच्या डोक्यात घोळत होता, त्यामुळे प्रश्न फक्त चाळीस जारचा नव्हता.

मी तिला ठाण्यातल्या एका काकूंशी जोडून दिलं. गेली कित्येक वर्षं त्या घरी कँडलचे क्लास घेतात. फोन स्पीकरवर होता. सगळं ऐकून काकूंनी एकच विचारलं, "अगं, जळताना मेण काचेच्या कडेपर्यंत वितळतं का?"

"नाही हो काकू. मधेच खड्डा पडतो. कडेला जाड थर तसाच राहतो."

"मग तेल कशाला वाढवतेस? वात बदल!"

वात म्हणजे इंजिन

यामागचा फंडा समजून घ्यायला मायकेल फॅरेडेकडे जावं लागतं. या शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1860-61 च्या नाताळात मुलांसाठी फक्त मेणबत्ती या विषयावर व्याख्यानं दिली होती. त्यातला मुद्दा असा, की जळतं ते घट्ट मेण नाही आणि नुसती वातही नाही. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. खात्री करायचीये? मेणबत्ती विझवा आणि वर निघणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेषेला लगेच पेटती काडी लावा. वातीला न टेकताच ज्योत परत पकडते!

आता सुगंध. तो खोलीत येतो मुख्यतः वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून. तळं जितकं रुंद आणि हवं तेवढं गरम, तितकं तेल हवेत उडणार. वात बारीक असेल तर तळं लहान आणि वास कमी. त्यात तेल वाढवलं की ते जड तेल वातीला ओढवत नाही, ज्योत आणखी छोटी होते आणि तळं आणखी आकसतं. म्हणजे जास्त तेल घालून कमी वास! मेणाच्या क्षमतेबाहेरचं तेल मग वर थेंब होऊन 'घाम' फुटल्यासारखं दिसतं. तो नुसता दिसायला वाईट नसतो. तेलाचा तवंग पेट घेऊ शकतो.

जळती मेणबत्ती वाचायला शिका

वात निवडताना ग्लासाची उंची नाही, आतला व्यास मोजायचा. त्यानंतर मेण कुठलं, तेल कुठलं आणि रंग किती, हे बघायचं. त्यामुळे 'अमुक नंबरची वात बेस्ट' असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. प्रत्येक कंपनीचे नंबर वेगळे असतात, एकाचे दुसऱ्याला लागू नाहीत. शिवाय मोगऱ्याला चालणारी वात व्हॅनिलाला चालेलच असं नाही. पण मेणबत्ती स्वतः सगळं सांगते:

• मधे बोगदा पडतो, ज्योत मेणात बुडून विझते: वात लहान. एक साइझ वर जा.

• ज्योत उंच, थरथरते, काचेवर काजळी धरते, ग्लास हातात धरवत नाही: वात मोठी. एक साइझ खाली.

• वातीच्या टोकाला मशरूमसारखी काळी टोपी: वात मोठी, नाहीतर तेल जास्त. किंवा वात कातरायची राहिली.

• तळं व्यवस्थित कडेपर्यंत, ज्योत शांत, तरी वास नाही: आता तेलावर संशय घ्या.

तळं साधारण एक सेंटिमीटर खोल आणि तीन-चार तासांत कडेला पोचलेलं हवं. पहिल्याच वेळी कडेला थोडं मेण राहिलं तर घाबरू नका. ग्लास खाली जाताना तापतो आणि ते मेणही वितळतं. पहिल्या तासातच तळं कडेला भिडलं तर मात्र शेवटी काच फार तापणार हे नक्की. साधारण दहा सेंटिमीटरहून रुंद बाउल असेल तर एकाच जाड वातीपेक्षा दोन बारीक वाती बऱ्या.

पंखा, नाक आणि धीर

आपल्याकडचा खास व्हिलन म्हणजे सीलिंग फॅन! वाऱ्याच्या झोतात ज्योत एका बाजूला झुकते, काजळी धरते, मेण वेडंवाकडं वितळतं. दोष मात्र वातीला. टेस्ट करताना पंखा बंद.

दुसरा व्हिलन आपलंच नाक. दिवसभर तेच तेल हुंगत बसलात की नाकाला सवय होते आणि वास येईनासा होतो. कॉफीच्या बिया हुंगल्या की नाक 'रिफ्रेश' होतं म्हणतात, पण 2011 च्या एका अमेरिकन प्रयोगात साध्या हवेपेक्षा कॉफीचा काही जास्त उपयोग दिसला नाही. त्यापेक्षा मेणबत्ती पेटलेल्या खोलीत घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बोलवा आणि तोंडाकडे बघा.

तिसरी गोष्ट धीर. सोया मेण ओतल्यावर एक-दोन आठवडे झाकून ठेवावं लागतं. मुरायला लागतं, लोणच्यासारखंच! पॅराफिनला दोन-तीन दिवस पुरतात. आज ओतून उद्या 'वास नाही' म्हणणं हा सोयावर अन्याय आहे.

तेल कुठलं?

स्वयंपाकघरातलं व्हॅनिला इसेन्स आणि गुलाबपाणी मेणात मिसळतच नाही, पाण्यामुळे ज्योत तडतडते. अंगावर मारायच्या परफ्यूममध्ये अल्कोहोल असतं, ते तर नकोच. अत्तर घेतलंत तर ते कशात मुरवलंय हे विचारा. काही अत्तरं अंगावर स्वर्गीय, पण वात गुदमरवतात. लिंबू-संत्र्याची नैसर्गिक तेलं पटकन उडून जातात. मेणबत्तीसाठीच बनवलेलं फ्रेग्रन्स ऑइल घ्या आणि दुकानदाराकडे त्याचा फ्लॅश पॉइंट मागा.

आणि माप नेहमी वजनाने. 180 ग्रॅम मेणाला आठ टक्के म्हणजे 14.4 ग्रॅम तेल. चमच्याने नाही, डिजिटल काट्यावर. मेण किती तापमानाला तेल घ्यायला तयार असतं, हे विकणाऱ्याच्या पत्रकावर दिलेलं असतं. त्या तापमानाला तेल घालून दोन मिनिटं सावकाश ढवळा.

पुढे काय झालं?

मैत्रिणीने आठ टक्क्यांवर परत येऊन चार ग्लास ओतले. मेण तेच, तेल तेच, फक्त वाती चार साइझच्या. ग्लासांना चिकटपट्टी लावून नंबर टाकले. दहा दिवस मुरवले. मग चार दिवस, रोज तीन तास, पंखा बंद, हातात वही. पहिल्या दोघांत बोगदा. चौथ्याची काच काळी आणि धरवेना इतकी गरम. तिसरा? हॉलमध्ये पेटवला आणि बेडरूममधून नवऱ्याने विचारलं, "अगं, मोगरा आणलास का?"

पहिले बारा जारही वाया गेले नाहीत. वाती काढून मेण डबल बॉयलरवर वितळवलं. बारा टक्क्यांचं आठ करायला मेण दीडपट हवं, म्हणून निम्मं साधं मेण त्यात घातलं आणि बाराचे अठरा जार झाले. उरलेले बावीस नव्याने ओतले. दोन आठवडे मुरून दिवाळीआधी ऑर्डर गेली. नोकरी तिने अजून सोडलेली नाही. 'चौथा ग्लास विकला असता तर?' या विचाराने आपली झोप उडाली, असं ती म्हणते. मला वाटतं, असा विचार करणाऱ्यानेच हा धंदा करावा.

जाता जाता...

• प्रत्येक वेळी पेटवण्याआधी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कातरा. लाकडी वात असेल तर त्याहून आखूड.

• एका वेळी चार तासांहून जास्त जाळू नका. तळाशी एक-सव्वा सेंटिमीटर मेण उरलं की थांबा.

• जुना पेग ग्लास, तडा गेलेली बरणी नको. उष्णता सोसणारी जाड काचच घ्या.

• मेण थेट गॅसवर ठेवू नका आणि ठेवून फोनवर गप्पा मारू नका. पेट घेतलाच तर गॅस बंद, वर झाकण. पाणी अजिबात नाही!

• एका वेळी एकच गोष्ट बदला. वात आणि तेल दोन्ही बदललंत तर कुणामुळे जमलं, ते कधीच कळणार नाही.